नारोशेटची यादी

“ही यादी तुम्ही केली आणि खाली नाव माझ्या वडिलांचं टाकलं,” लता म्हणाली आणि टाइप केलेला तो कागद तिनं साहेबांच्या बशीशेजारी ठेवला.

साहेबांनी आधी चहा संपवला. सोनगीरच्या मराठी शाळेतल्या त्या वर्गात वऱ्हाड उतरलं होतं. भिंतीला गुंडाळलेल्या गाद्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, फळ्यावर कुणा पोरानं सुट्टीआधी लिहिलेला तेराचा पाढा. हळद लागलेली नवरी लग्नाच्या दिवशी दुपारी जानोशात येऊन उभी राहते, हे तिथल्या बायकांना इतकं नवं होतं की त्यांना तोंडावर पदर घ्यायचंही सुचलं नाही.

साहेब म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा. कुठल्या खात्याचे साहेब, हे गावात कुणाला सांगता आलं नसतं. सख्खी बहीणही त्यांना साहेबच म्हणायची.

“सही झुलालभाऊंची आहे,” साहेब म्हणाले.

“सही त्यांची. फ्रिज तुमचा. स्कूटर तुमची. ‘कन्येच्या हौसेखातर स्वखुशीने’ हे शब्दसुद्धा तुमचेच. माझ्या दादांनी जन्मात ‘स्वखुशीने’ असं म्हटलेलं नाही.”

“पोरी, तू सून म्हणून येणार आहेस की ऑडिट करायला?”

वऱ्हाडातली माणसं हसली. साहेबही हसले. ते रागावले असते तर लताला सोपं गेलं असतं.

“मी एक तरी वस्तू मागितली का, विचार तुझ्या वडिलांना. त्यांनी विचारलं, देवपूरला मुलाच्या घरी काय काय नाही? मी सांगितलं. नसलेल्या वस्तूंची नावं घेणं गुन्हा असेल तर मला आत टाका.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली. “चार वाजता जीवराम नाना वाचणार आहेत ना? त्यांनाच नेऊन दे. आणि म्हणावं, चष्मा पुसून वाचा. मागच्या लग्नात कपाटाला कपात म्हणाले होते.”

पुन्हा हसू. तेवढ्यात लताची मावशी बेबाबाई धापा टाकत वर्गात शिरली आणि तिनं भाचीचं मनगट धरलं.

“तू आठे काय करी ऱ्हायनी वं? आते काय तोंड दखाडशी लोकेस्ले? चाल घर!”

लता गेली. पण ती नवऱ्या मुलाला, अभिमनला शोधत गेली. तो व्हरांड्याच्या टोकाला दाढी करत बसला होता, अर्ध्या गालावर फेस. त्यानं आरशातून तिला पाहिलं. वळून मात्र पाहिलं नाही.

इकडं नुसतं रुखवत मांडून भागत नाही. मांडलेलं माइकवर वाचावं लागतं, तेही अक्षता पडायच्या आधी, दोन्हीकडचे पंच समोर बसवून. कर्ण्यातून एकदा नाव गेलं की ती वस्तू दिलेली. त्यात मागेपुढे नाही, विसरलो नाही, पुढच्या दिवाळीला नाही. म्हणून बाप लोक यादी वाचली जात असताना एकेका नावाला मान हलवत उभे राहतात. साहेबांच्या यादीत अकरा वस्तू होत्या. नऊ मांडवात येऊन उभ्या होत्या. सोफा आणि स्कूटर जळगावहून टेम्पोनं यायची होती. या अकरा नावांपायी झुलालनं विहिरीकडची दोन एकरं विकली, हे गावाला ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनीच गिऱ्हाईक आणलं होतं.

लतानं घरी येऊन कोठीच्या खोलीचं दार लावलं, पेटी उघडली आणि तळातून एक पुस्तक काढलं. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळं नावही नव्हतं आणि लिहिणाराही नव्हता. साठेक वर्षांपूर्वीची कादंबरी. गावात तिला सगळे ‘नारोशेटचं पुस्तक’ म्हणत.

हा नारोशेट फण्या विकणारा. गळ्यात पेटी अडकवून दारोदार फिरणारा. एका दारात त्याला आरामखुर्ची दिसते आणि वाटतं, आपल्याकडं अशी पाहिजे. तिथून पुढं तीनशे पानं तो वस्तू घेत सुटतो. खुर्चीसाठी दिवाणखाना, दिवाणखान्यासाठी माडी, माडीसाठी दुसऱ्यांदा बायको. शेवटी घरात इतकं सामान होतं की नारोशेट स्वतः ओसरीवर झोपतो आणि चोर आला तर आत जायला वाट सापडायची नाही म्हणून निर्धास्त असतो.

किल्ल्याखालच्या वाचनालयाच्या ओट्यावर जीवराम नाना हे पुस्तक मोठ्यानं वाचायचे. नाना ग्रंथपाल. ग्रंथ दोनशे, पाल तेवढ्याच. पण आवाज असा की हायवेवरचा ट्रक गेला तरी शब्द बुडायचा नाही. लता फ्रॉक घालायची तेव्हापासून तिथं बसायची. माणसं हसून हसून ओट्यावरून खाली घसरायची. मग गावात टीव्ही आले आणि ओटा ओस पडला. ती धुळ्याच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आली त्या दिवशी नानांनी ते पुस्तक तिला देऊन टाकलं. म्हणाले, “आता कुणी हसत नाही. तू ठेव.”

साखरपुड्यानंतर तिनं ते अभिमनला पाठवलं होतं. मुलगा सरकारी इंजिनिअर, उंच, बोलायला मऊ. पुस्तक परत आलं, सोबत त्याचं पत्र: ‘दोन दिवस हसतो आहे. दिवाणखान्याचं प्रकरण तर पाठ झालं. आई विचारते, काय झालं तुला? मामांना वाचायला द्यावं असं वाटलं, पण दिलं नाही.’ त्या पत्रामुळं लता या लग्नाला तयार झाली होती. तिनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं होतं, तरी पत्र जपून ठेवलं होतं.

तिनं फुलस्केप कागद घेतला. पहिल्या नऊ वस्तू जशाच्या तशा उतरवल्या, कारण त्या मांडवात उभ्या होत्या. दहावीपासून दिवाणखान्याचं प्रकरण लिहायला घेतलं. स्कूटर गेली, सोफा गेला, नारोशेट आला. लोक दोन ओळींत ओळखतील, तिला वाटलं. एकजण हसेल, मग दहा हसतील, मग सगळा मांडव. एवढ्या हसण्यानंतर साहेबांची अकरा कलमी यादी कोणत्या तोंडानं वाचणार? टाइप केलेला कागद तिनं पेटीत टाकला आणि हा नानांकडं पाठवून दिला.

चार वाजता ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं झिरपत होतं. फ्रिजला हार घातला होता. कलर टीव्हीवर हळदकुंकू वाहिलं होतं. बायका कपाटाच्या आरशात स्वतःला पाहून पुढं सरकत होत्या. सोनगिरी पितळेची भांडी सगळ्यांच्या मागं, पलंगाखाली सरकवलेली. माइकवाला भिकन कर्ण्यात “हॅलो, हॅलो, वन टू” करत होता.

नानांनी कागद उघडला. अक्षर पाहिलं. हे अक्षर त्यांनी वाचनालयाच्या वहीत दहा वर्षं पाहिलं होतं. त्यांनी मान वर करून घराच्या खिडकीकडं पाहिलं. गजामागं लता उभी होती. नानांनी चष्मा काढून पुसला आणि वाचायला लागले.

“कलर टीव्ही, एक. फ्रिज, एक. गोदरेज कपाट, आरशाचं, एक...”

प्रत्येक नावाला झुलाल मान हलवत होता. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्याला कुठं ठेवायचं सुचत नव्हतं. नऊ झाल्या.

“दहा,” नाना वाचत राहिले. “बग्गी, चार चाकांची, मखमली बैठकीची. घोडा एक, पांढरा. घोड्याला चांदीचे नाल.”

झुलालची मान हलायची थांबली. मांडवात कुजबुज उठली.

“बग्गी ठेवशात कोठे वं?” एक बाई म्हणाली.

“त्यास्नं बंगल्यामा जागा ऱ्हास ना,” दुसरी म्हणाली.

“अकरा. भिंतघड्याळं दोन. एक आपली वेळ पाहायला, एक मुंबईची.”

पंचांनी एकमेकांकडं पाहून ओठ बाहेर काढले. वऱ्हाडातल्या एका माणसानं शेजाऱ्याला समजावलं की साहेबांचं मुंबईला जाणं-येणं असतं.

“बारा. पियानो एक, विलायती. वाजवणारा नको.”

टाळ्या पडल्या. लतानं गज घट्ट धरले. तिला आधी वाटलं, ही थट्टेची टाळी आहे. तिनं तोंडं पाहिली. एकही तोंड हसत नव्हतं. ही तीच माणसं होती. याच पियानोला ओट्यावर पोट धरून लोळलेली. पण आज तो पियानो हार घातलेल्या फ्रिजच्या शेजारून येत होता.

एकच माणूस हसला. पुना आबा, नव्वदीला आलेले, खांबाला टेकलेले. त्यांनी काठी आपटली.

“आरे, हाई तं आपलं नारोशेटनं पुस्तक शे!”

“आबा, हासू नका,” त्यांच्या सुनेनं दटावलं. “पुस्तक-बिस्तक काही नई. यादी शे.”

नानांनी आबांकडं पाहिलं. कागद खाली ठेवता आला असता. त्यांनी आवाज चढवला.

“तेरा. तिजोऱ्या दोन. एक भरलेली, एक भरायची. चौदा. दारात दाखवायला वाघाचं कातडं, नखांसह. आणि एवढं सगळं मावलं नाही, तर घरातली म्हातारी माणसं अंगणात हलवावीत.”

मांडव शांत झाला. आता तरी, लताच्या मनात आलं. वऱ्हाडाच्या पहिल्या रांगेत अभिमनची आजी बसली होती, पायाला सूज आलेली, दोन खुर्च्यांवर एकटी. तिच्या शेजारची बाई मान डोलवून म्हणाली, “बरोबर शे. उन्हाळामा तं अंगणच बरं.”

आजीनं पाय आखडून घेतले.

लतानं अभिमनकडं पाहिलं. तो पाटाजवळ उभा होता, मुंडावळ्या मागं टाकून, नवरदेवाचा रुमाल तोंडावर दाबून. त्याचे खांदे हलत होते. तिला दिसलं, तो हसत होता. नानांनी ‘पियानो’ म्हणायच्या आधी रुमालाच्या कडेवर त्याचे ओठ ‘पियानो’ म्हणून गेले होते. शेवटपर्यंत नानांच्या पुढं एक शब्द होता तो. भर मांडवात एक माणूस ओळखत होता. तिच्या हातांतले गज सैल झाले.

नानांनी कागद मिटला. टाळ्या थांबेनात. साहेब उठले आणि झुलालच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माइक चालू होता, त्यामुळं जवळच बोललेलंही कर्ण्यातून गेलं.

“झुलालभाऊ, आमची मान खाली घातलीत तुम्ही. एवढं आम्ही कुठं मागितलं होतं? पण आता पंचांसमोर जाहीर झालं, आम्ही नाही म्हटलं तर तुमचा अपमान.” त्यांनी नानांच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. “फक्त सोफा आणि स्कूटर राहिली वाचायची. बग्गीच्या नादात विसरलात बहुतेक. तेही धरू. बग्गी कधी येते?”

झुलालला पुस्तक माहीत नव्हतं. ओट्यावर माणसं हसायची तेव्हा तो शेतात असायचा. त्यानं नानांकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. त्याला एवढंच कळलं की कुठंतरी काहीतरी पोरीनं केलंय, आणि पोरीला आता उघडं पाडता येत नाही. पाचशे माणसं त्याच्या मानेकडं बघत होती.

“ई जाई, साहेब,” तो म्हणाला. “बठ्ठं ई जाई.”

आणि त्यानं मान हलवली. एकदा नाही, पाच वेळा. दहाव्या नावासाठी, अकराव्यासाठी, बाराव्यासाठी, तेराव्यासाठी, चौदाव्यासाठी. तांब्यातलं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं.

लतानं पुन्हा अभिमनकडं पाहिलं. आता तो बोलेल. एक वाक्य पुरे होतं. मामा, हे पुस्तकातलं आहे. एवढं म्हटलं की झालं. हवं तर हसत म्हण.

अभिमननं तोंडावरचा रुमाल काढला. साहेब त्याच्याकडं वळून पाहत होते. त्यानं रुमालाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली, आणि खिशात ठेवली. त्याचा चेहरा आता इतरांसारखा झाला होता. कुणी मधूनच मांडवात आलं असतं तर त्याला वेगळं काढता आलं नसतं.

बेबाबाईनं लताला दारात अडवलं. “अंतरपाट धरानं आगोदर नवरी बाहेर येस का?”

“येते,” लता म्हणाली.

ती मांडवात आली तेव्हा बायका आपोआप बाजूला झाल्या. नानांच्या समोर तिनं हात पुढं केला. नानांनी माइक दिला.

“आता जे वाचलं ते माझ्या वडिलांनी दिलेलं नाही,” लता म्हणाली. कर्णा किंचाळला, भिकननं तो वळवला. “ते मी लिहिलं. नारोशेटच्या पुस्तकातून. तुम्ही निम्म्यांनी ते ऐकलंय. शेट कसा फजीत होतो ते ऐकून तुम्हीच हसत होतात. बग्गी नाही, घोडा नाही. दादांनी कबूल केलं ते माझ्यामुळं. ते परत घेतलंय.”

मग वऱ्हाडातून एक आवाज आला, “म्हणजे देणार नाही का?”

“माइक बंद करा,” साहेब म्हणाले. ते अजूनही चढ्या आवाजात बोलले नव्हते.

भिकन डब्यावर वाकला. दोन-चार खटके वरखाली करून त्यानं तोंड वर केलं. “बटन अटकी गयं, साहेब.”

“मग वायर काढ!”

“वायर काढी तं तुमना फ्रिजबी बंद पडी.”

कुठूनतरी एक हसू फुटलं. पुना आबांचं नव्हतं. मागच्या, पंगतीला बसलेल्या माणसांतून ते आलं आणि लगेच विरलं. साहेबांनी तिकडं पाहिलं तेव्हा सगळे पत्रावळीत बघत होते.

“मुलीला घरात घ्या, झुलालभाऊ,” साहेब म्हणाले. “मुहूर्त साडेपाचचा आहे. आम्ही ऐकलं नाही असं समजतो. समजूतदार माणसं आहोत. पण जाहीर ते जाहीर.”

झुलाल पुढं आला. लताला वाटलं, तो माइक हिसकावून घेईल. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. धोतर ओलं, तांब्या रिकामा. साहेबांनी “घ्या घरात” म्हटलं, तरी त्यानं पाऊल हलवलं नाही, आणि या वेळी मानही हलवली नाही.

लता अभिमनकडं वळली. अंतर चार हातांचं होतं.

“मी तुमच्या मामांना विचारत नाही,” ती म्हणाली. “त्यांचं मला दुपारीच कळलं. तुम्हाला विचारते. तुम्ही ओळखलं होतं ना?”

अभिमननं मामांकडं पाहिलं.

“तिकडं नका पाहू. माझ्याकडं पाहा. नानांच्या आधी तुमचे ओठ हलत होते, मी खिडकीतून पाहिलं. या मांडवात पुना आबा आणि तुम्ही, दोघंच हसलात. आबांना सुनेनं गप्प केलं. तुम्हाला कुणी केलं?”

“लता,” तो हळूच म्हणाला. कर्ण्यानं तेवढंच उचललं आणि गावभर नेलं. “इथं नको. नंतर बोलू. घरी गेल्यावर.”

“कुणाच्या घरी?”

त्याचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला. त्याची आई यशोदाबाई मागून म्हणत होती, सोड रे, चाल रे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

“माझे वडील जगात नसलेली बग्गी द्यायला कबूल होत होते, तेव्हा ती नाही हे तुम्हाला ठाऊक होतं,” लता म्हणाली. “एका वाक्याचं काम होतं. तुम्ही रुमालाची घडी घातली. का घातली, ते मला एकटीला नको. या सगळ्यांना सांगा. माइक चालू आहे, मी इथून हलत नाही. बोला.”